जावाची कंपनी बदलली म्हणून बोंब, दुखणं मात्र भलतीकडंच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर लेख आला होता, कुठल्याही कंपनीचा जावा (म्हणजे त्या भाषेतले प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर) घ्या सगळे सारखेच अशा सुराचा, आणि मग त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की असं काही नाही, मूळ कंपनीचाच घ्या, बाकीचे घेतले की प्रोग्राम बंद पडतात. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले जावाचे प्रोग्राम सांभाळणं, नवीन लिहिणं कमी आणि कालपर्यंत चालत होतं ते आज का चालत नाही हे शोधणं जास्त. लेखकाचं अर्धं बरोबर आहे, वाचकाचंही अर्धं बरोबर आहे, पण दोघांनी कंपायलरचं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवायची फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामचं, नावसुद्धा काढलं नाही याचं मला जास्त नवल वाटलं.

आधी लेखकाचं बरोबर काय ते. एक काळ असा होता की वेगवेगळ्या कंपन्यांचे जावा खरंच एकमेकांशी जमत नव्हते आणि त्यातला काही भाग तर मुद्दाम केलेला होता. जावा बनवणाऱ्या सन कंपनीनं १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर केस टाकली ती यावरूनच. मायक्रोसॉफ्टच्या जावात आरएमआय (दुसऱ्या मशीनवरचा कोड बोलावणं) आणि जेएनआय (इतर भाषांतला कोड बोलावणं) हे ठरलेले भाग धड दिलेले नव्हते, वर डेलिगेट आणि मल्टिकास्ट असे स्वतःचे शब्द भाषेत घुसवले होते, म्हणजे ते वापरून लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच कंपायलरमधून जाणार नाही. २००१ मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टनं २ कोटी डॉलर दिले. तेव्हा "एकदा लिहा, कुठंही चालवा" या घोषणेला लोक हसायचे आणि "एकदा लिहा, सगळीकडं डीबग करा" (म्हणजे चुका शोधत बसा) म्हणायचे, ते उगाच नाही.

आज तसं राहिलेलं नाही. टेमुरिन घ्या, कोरेटो घ्या, झुलू, लिबेरिका, सॅपमशीन, मायक्रोसॉफ्टची स्वतःची बिल्ड (तयार केलेली आवृत्ती) घ्या, ओरॅकलचा घ्या, सगळ्यांचा सोर्स कोड मुळात एकच, ओपनजेडीके, म्हणजे जावाचा सगळ्यांना खुला असलेला कोड. त्यात प्रत्येकजण थोडेफार पॅच घालतो, कुठले जुने व्हर्जन किती वर्षं सांभाळायचे हे आपापलं ठरवतो, पण आतलं इंजिन तेच हॉटस्पॉट. वेगळं इंजिन म्हणजे आयबीएमचं, पूर्वी जे-नाइन म्हणायचे, २०१७ ला ते एक्लिप्स या संस्थेकडं देऊन ओपनजे-नाइन झालं आणि आता सेमेरू नावाच्या बिल्डमध्ये मिळतं, पण त्यातही क्लास लायब्ररी, म्हणजे सोबत येणारा तयार कोड, ओपनजेडीकेचीच आहे. बीईएचं जेरॉकिट होतं, ते ओरॅकलकडं गेल्यावर त्यातलं बरंचसं हॉटस्पॉटमध्ये आलं आणि जेरॉकिट संपलं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा जीसीजे होता, जीसीसी या त्यांच्या कंपायलर संचाच्या सातव्या व्हर्जनपासून तोही काढून टाकला. त्यामुळे "सगळे जवळपास सारखेच" हे वाक्य आज खरं आहे, वीस वर्षांपूर्वी नव्हतं.

पण लेखात पुढं लिहिलंय की सगळ्यांनी टीसीके पास केलेली असते त्यामुळे काही बघायची गरज नाही, तिथंच घोडं पेंड खातं. टीसीके म्हणजे चाचण्यांचा भलामोठा गठ्ठा, भाषेच्या आणि लायब्ररीच्या नियमपुस्तकात जे जे लिहिलंय ते हा जावा पाळतो का एवढंच त्यात बघतात. ते महत्त्वाचंच आहे, त्याशिवाय जावा कंपॅटिबल म्हणताच येत नाही, अपाचे संस्थेचा हार्मनी नावाचा, वेगळा जावा बनवायचा अख्खा प्रोजेक्ट टीसीकेचं लायसन्स हव्या त्या अटींवर मिळालं नाही म्हणून अडकला, अपाचेवाले २०१० च्या डिसेंबरमध्ये जेसीपी या जावाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या कार्यकारी समितीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी हार्मनी बंद झाला. पण नियमपुस्तकात जे लिहिलेलंच नाही त्याची चाचणी कोण घेणार? कमांड लाइनवर कुठले पर्याय चालतील, फॉन्ट कुठले सोबत येतील, कुठल्या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवायचा, हॅशमॅप या डेटा ठेवायच्या साठ्यातून वस्तू कुठल्या क्रमानं बाहेर येतील, यातलं बरंच काही नियमात नाही आणि प्रोग्राम मात्र नेमके त्याच्यावरच उभे असतात. माझ्याकडं येणाऱ्या दुखण्यांतलं बहुतेक इथलंच.

आता कंपायलर. लोकांना वाटतं जावा म्हणजे चालवायचं मशीन, पण त्याआधी जावा फाइलची क्लास फाइल कोणीतरी बनवलेली असते, आणि ती बनवणारे आज मुख्य दोन, जेडीके या प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या संचासोबतचा जावासी आणि एक्लिप्सच्या एडिटरमधला ईसीजे. पूर्वी आयबीएमचा जाइक्स पण होता, फार जलद होता म्हणून लोकांना आवडायचा. मी एक्लिप्स वापरत नाही मला काय करायचंय असं म्हणणाऱ्यांना सांगतो, तुमच्या टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये जेएसपी (जावा घातलेली वेब) पानं कंपाइल होतात ती ईसीजेनंच, आणि व्हीएस कोडमध्ये जावाच्या लाल रेघा दाखवणारा तोही एक्लिप्सचाच. म्हणजे एडिटरमध्ये लिहिताना एक कंपायलर आणि सर्व्हरवर बिल्ड करताना मेव्हन या साधनातून दुसरा असं होतं आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. मग जेनेरिक्स (प्रकार नंतर ठरवता येणारा कोड) आणि लॅम्बडा (बिननावाची छोटी फंक्शन) यांची गुंतागुंत असलेली एखादी ओळ एकाला पटते आणि दुसऱ्याला पटत नाही. टाइप इन्फरन्सचे, म्हणजे कंपायलरनं प्रकार आपोआप ओळखायचे, नियम जावा ८ पासून इतके लांबलचक झालेत की दोन टीमनी तेच पुस्तक वाचून दोन वेगळ्या गोष्टी बनवल्या तर मला नवल वाटत नाही. कधी जावासीची चूक असते कधी ईसीजेची, आणि जावासीचीसुद्धा होते हं, जावा ६ चा जावासी एकाच इरेजरच्या (जेनेरिक्सचा तपशील पुसल्यावर सारख्या दिसणाऱ्या) पण रिटर्न टाइप (परत मिळणाऱ्या गोष्टीचा प्रकार) वेगळा असलेल्या दोन मेथड (क्लासमधल्या क्रिया) एकाच क्लासमध्ये चालवून घ्यायचा, नियमात ते बसत नव्हतं, जावा ७ मध्ये दुरुस्त केलं आणि वर्षानुवर्षं कंपाइल होणारे प्रोग्राम अचानक नेम क्लॅश म्हणून अडकले. कंपनी तीच, कंपायलर तोच, फक्त आकडा बदलला.

ईसीजेची एक खोड मला मजेशीर वाटते. कोडमध्ये एरर असली तरी सांगितलं तर तो क्लास फाइल बनवून देतो, आणि जिथं एरर होती तिथं पोचलं की प्रोग्राम चालता चालता "अनरिझॉल्व्हड कंपायलेशन प्रॉब्लेम" म्हणून कोसळतो. अर्धवट कोडवर टेस्ट चालवायला ते बरं पडतं. पण ती फाइल चुकून पुढं गेली की बघणाऱ्याला वाटतं रनटाइममध्येच, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या जावातच, काहीतरी बिघडलंय, कंपायलेशनची एरर प्रोग्राम चालताना कशी येईल, आणि मग जावा काढून परत टाका, दुसऱ्या कंपनीचा टाका असे प्रकार सुरू होतात.

आता एक केस जवळून दाखवतो, कारण हीच सगळ्यात जास्त वेळा भेटते. क्लास फाइलच्या सुरुवातीला कॅफेबेब ही खूण असते आणि तिच्यानंतर व्हर्जनचा आकडा, जावा ८ ला ५२, जावा १७ ला ६१, जावा २१ ला ६५, म्हणजे जावाच्या आकड्यात ४४ मिळवायचे. मोठ्या आकड्याची फाइल जुन्या जावावर टाकली की तो सरळ सांगतो मला ५२ पर्यंतच कळतं, ही ६१ ची आहे. ही एरर चांगली, स्वच्छ आहे, हिच्यात कोणी फसत नाही. फसतात ते पुढं. लोक काय करतात, मशीनवर नवीन जेडीके असतो आणि प्रोग्राम जावा ८ वर चालवायचा असतो, मग कंपाइल करताना सोर्स ८ टार्गेट ८ लिहितात, फाइलवर ५२ चा शिक्का बसतो आणि वाटतं काम झालं. त्या कोडमध्ये बाइटबफर या डेटा धरून ठेवणाऱ्या क्लासवर फ्लिप मेथड बोलावलेली असते. जावा ८ मध्ये फ्लिप ही वरच्या बफर क्लासची आणि ती बफर परत देते. जावा ९ मध्ये बाइटबफरला स्वतःची फ्लिप दिली, ती बाइटबफर परत देते, वापरणाऱ्याला सोयीचं म्हणून. आता कंपायलरनं कोड बघताना लायब्ररी नव्या जेडीकेची बघितली, कारण सोर्स टार्गेटनं भाषा आणि शिक्का बदलतो, लायब्ररी बदलत नाही, त्यामुळे क्लास फाइलमध्ये नोंद झाली की बाइटबफर परत देणारी फ्लिप पाहिजे. जावा ८ वर अशी मेथडच नाही, त्याला नाव आणि रिटर्न टाइप दोन्ही जुळलेलं लागतं. निकाल, नोसचमेथडएरर, तोही प्रोग्राम सुरू होताना येत नाही, त्या ओळीवर पोचल्यावर येतो, कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. सोर्स कोड उघडून बघावं तर फ्लिप तिथं समोर दिसतीय आणि मशीन म्हणतंय नाही.

जावासी याची वॉर्निंग देतो की बूटस्ट्रॅप क्लासपाथ (जावाची स्वतःची लायब्ररी कुठून घ्यायची ते) सेट केलेला नाही, पण दोनशे वॉर्निंगमध्ये ती कोण वाचतो. जावा ९ पासून यासाठीच रिलीज नावाचा पर्याय दिलाय, रिलीज ८ लिहिलं की लायब्ररीपण आठचीच बघितली जाते. तो वापरून कंपाइल केलं की हा प्रकार होत नाही, आणि आठमध्ये नसलेलं काही कोडमध्ये असलं तर कंपाइल करतानाच कळतं. तरी जुन्या बिल्ड फाइल सोर्स टार्गेट घेऊनच फिरतायत. या एररचं खापर कायम रनटाइम देणाऱ्या कंपनीवर फुटतं, आणि तिचा काडीचा संबंध नसतो.

कंपायलर बदलल्यानं खरोखर बिघडतं अशी पण एक जागा आहे, सीरियलायझेशन, म्हणजे ऑब्जेक्ट पाठवायला किंवा साठवायला बाइटमध्ये बदलणं. क्लासमध्ये सीरियलव्हर्जनयूआयडी हा ओळखीचा आकडा स्वतः लिहिला नाही तर तो क्लासच्या तपशिलावरून मोजला जातो, आणि त्या तपशिलात कंपायलरनं गुपचूप घातलेल्या मेथडपण येतात. जावा ११ च्या आधी आतल्या क्लासनं बाहेरच्याचं प्रायव्हेट काही वापरलं की कंपायलर मध्ये एक ॲक्सेस मेथड घालायचा, जावासी तिला ॲक्सेस डॉलर तीन शून्य असं नाव द्यायचा आणि ईसीजे ॲक्सेस डॉलर एकच शून्य. सोर्स अक्षर न अक्षर तोच, नावं वेगळी म्हणून आकडा वेगळा, आणि एका बाजूनं पाठवलेला ऑब्जेक्ट दुसरी बाजू इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन म्हणून नाकारते. जावाच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हा आकडा कंपायलरप्रमाणे बदलू शकतो, स्वतः लिहा. लोक लिहीत नाहीत, एक्लिप्स पिवळी रेघ दाखवतं ती बंद करून टाकतात.

आता रनटाइमकडं. कंपनीचं नाव बघून वागणारे प्रोग्राम असतात आणि ते कसे आपटतात याचा सगळ्यात भारी किस्सा २०१० चा आहे. सन ओरॅकलकडं गेलं होतं, जावा ६ अपडेट २१ आला आणि त्यात विंडोजवरच्या जेव्हीएमच्या फाइलमध्ये कंपनीचं नाव सनऐवजी ओरॅकल असं केलं. एवढंच, एक नाव. पण एक्लिप्सचा लाँचर ते नाव वाचून ठरवायचा की हा सनचा जावा आहे का, असेल तर मॅक्सपर्मसाइज हा पर्याय (पर्मजेन या मेमरीच्या भागाची मर्यादा) द्यायचा. नाव जुळेना म्हणून त्यानं पर्याय दिला नाही, पर्मजेनची जागा पुरेना, एक्लिप्स गोठायला लागलं. कोडमध्ये बिघाड कुठंच नव्हता. शेवटी ओरॅकलनं त्याच अपडेटची नवी बिल्ड काढून नाव परत सनचं केलं.

कमांड लाइनच्या पर्यायांची रड तर रोजची आहे. एक्सएक्सनं सुरू होणारे पर्याय कुठल्याच नियमात नाहीत, ज्याचं इंजिन त्याचे पर्याय. हॉटस्पॉटला न कळणारा पर्याय दिला तर तो सुरूच होत नाही. ओरॅकलच्या जावा ८ वर अनलॉककमर्शियलफीचर्स लिहिलेली जुनी स्क्रिप्ट त्याच आठच्या ओपनजेडीके बिल्डवर टाकली की संपलं, मशीन उभंच राहत नाही. शेनान्डोआ हा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) रेड हॅटवाल्यांनी बनवला, ओपनजेडीकेत आहे, बऱ्याच कंपन्यांच्या बिल्डमध्ये मिळतो, ओरॅकलच्या बिल्डमध्ये मिळत नाही. ओपनजे-नाइन उलटा वागतो, एक्सएक्सचा न कळणारा पर्याय असला तर मुकाट्यानं सोडून देतो. ऐकायला हे बरं वाटतं, पण मला विचाराल तर हॉटस्पॉटचं अडून बसणं परवडलं, निदान कळतं तरी. इकडं तुम्ही सेटिंग लावलंय अशा भ्रमात महिनोन्महिने राहता.

आयबीएमच्या जुन्या जावाबरोबर अजून एक व्हायचं, कोडमध्ये कोणीतरी सनएक्स५०९ असं अल्गोरिदमचं नाव हातानं लिहून ठेवलेलं असायचं आणि तिथं त्याचं नाव आयबीएमएक्स५०९. सुरक्षित कनेक्शन जोडतानाच प्रोग्राम बंद. खरं तर डीफॉल्ट अल्गोरिदम विचारायची मेथड पहिल्यापासून आहे, ती वापरली की कुठल्याही कंपनीचा जावा चालतो. सर्टिफिकेटचंही असंच, जावा १० च्या आधी ओपनजेडीकेच्या सोर्समध्ये भरवशाच्या सर्टिफिकेटची यादी रिकामी होती, ओरॅकलच्या जेडीकेत भरलेली होती, आजही कोण कुठली यादी घालतो ते वेगवेगळं असू शकतं, टेमुरिन मोझिलाची घेतं. आणि फॉन्ट! ओरॅकलच्या जावा ८ सोबत ल्युसिडा फॉन्ट यायचे, ओपनजेडीकेच्या बिल्डमध्ये नाहीत. एका ठिकाणी जावा बदलल्यावर रिपोर्टच्या पीडीएफमधले रकाने सरकले, शेवटचा आकडा दुसऱ्या ओळीवर जायला लागला, आणि सगळ्यांनी हिशोबाचा कोड तपासायला घेतला. हिशोब बरोबर होता, फॉन्ट दुसरा लागला होता, आणि मागचा फॉन्ट सिस्टिमचा नसून जावासोबत आलेला होता हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं.

आता वाचकांच्या पत्राकडं. मूळ कंपनीचाच घ्या म्हणजे त्रास होणार नाही, हे मला अजिबात पटत नाही. कंपनी एकच धरून बसा आणि फक्त आकडा वाढवा, बघा काय होतं. सातमध्ये सॉर्टिंगची पद्धत बदलली आणि ज्यांचे कम्पॅरेटर (दोन गोष्टींची तुलना करणारा कोड) मुळातच चुकीचे लिहिलेले होते त्यांना "कम्पॅरिझन मेथडनं करार मोडला" असं एक्सेप्शन यायला लागलं, सहापर्यंत ते गुपचूप चालत होतं. नऊनं सनचे आतले बेस६४चे क्लास काढले, अकरानं जॅक्सबी ही एक्सएमएलची लायब्ररी काढली, अठरानं फाइल वाचायचं डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ केलं, त्यामुळे विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये लिहिलेल्या फाइल कचरा दिसायला लागल्या. आणि विसावा, हा माझा सगळ्यात आवडता. विसाव्यात भाषांचा नवा डेटा आला, त्यात अमेरिकन इंग्रजी वेळेत एएम पीएमच्या आधी साधी स्पेस होती ती जाऊन न तुटणारी अरुंद स्पेस आली. डोळ्याला काही फरक दिसत नाही. साध्या स्पेसचा मजकूर पार्स करणारा कोड मात्र फेल, टेस्टमध्ये अपेक्षित आणि मिळालेलं दोन्ही एकाखाली एक छापून येतं, हुबेहूब सारखं, आणि तरी लाल. यातलं एकही कंपनीमुळे झालेलं नाही, आणि ओपनजेडीकेवर बांधलेल्या सगळ्यांना हे एकाच वेळी झालं. आठच्या टेमुरिनवरून आठच्या झुलूवर गेलात तर शंभरातल्या बहुतेक प्रोग्रामना कळणारही नाही. आठवरून एकवीसवर जा, त्याच कंपनीच्या, मग बोलू.

लायसन्सचा मुद्दा त्यांनी काढलाय तो वेगळा आहे. ओरॅकलनं २०१९ पासून आठच्या नव्या अपडेटच्या अटी बदलल्या, २०२१ ला सतरापासून परत सैल केल्या, २०२३ ला सबस्क्रिप्शन कर्मचाऱ्यांच्या संख्येवर नेलं, त्यामुळे बऱ्याच जणांनी कंपनी बदलली ती पैशासाठी. पण बदलताना काय होतं, लोक म्हणतात बदलतोच आहे तर नवीनच टाकू, म्हणजे कंपनी आणि आकडा दोन्ही एकाच रात्री. मग जे बिघडेल त्याचं नाव नव्या कंपनीला. साप साप म्हणून भुई धोपटायची.

तुमच्या लेखात एक वाक्य मात्र सरळ चुकीचं आहे, जावाची फाइल कुठल्याही व्हर्जनवर चालते हे. जुनी फाइल नव्या जावावर चालायची शक्यता चांगली, आतल्या क्लासना हात लावला नसेल तर, ते तपासायला जेडीकेमध्येच जेडेप्स नावाचं साधन आहे. नवी फाइल जुन्यावर चालत नाही. एवढी दुरुस्ती छापली तर बरं होईल.

आणि त्या वाचकांनी प्रोग्राम बंद पडतात लिहिलं पण एरर काय आली ते लिहिलेलंच नाही. एररमध्ये अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन असेल तर स्क्रिप्टमधला तो पर्याय काढून बघा. नोसचमेथडएरर असेल आणि मेथड जावाच्याच क्लासमधली असेल तर ज्यानं फाइल कंपाइल केली त्याला रिलीज पर्याय लावून परत द्यायला सांगा. पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड (सर्टिफिकेटवर भरवसा बसला नाही) असेल तर जुन्या जावातली सीएसर्ट्स ही भरवशाच्या सर्टिफिकेटची फाइल आणि नव्यातली शेजारी ठेवून याद्या जुळवा, तुमच्या ऑफिसचं स्वतःचं सर्टिफिकेट कोणीतरी जुन्या फाइलमध्ये हातानं घातलेलं असण्याची दाट शक्यता आहे आणि ते नव्यात आपोआप येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक